फावडं उपटल्याची सूचना

हायकेन्सील, ११ मार्च

श्री. राउनो हाआपासालो यांस,

हायकेन्सील बांधमंडळातर्फे कळवण्यात येते की, ‘सोर्मी’ या आपल्या प्रोग्रामच्या पानावर आपण लावलेली सूचना (“यापुढे याची देखभाल मी करणार नाही. ज्याला हवं त्यानं घ्यावं.”) मंडळाच्या वाचनात आली. सदर सूचनेचा अर्थ आपण आपल्या हिश्श्याच्या बांधात फावडं रोवून निघून गेलात, असा मंडळ घेतं. मागल्या बैठकीत मंडळानं ते फावडं एकमतानं उपटलं आहे. आजपासून आपण जबाबदारीतून मोकळे आहात. आपल्याला किंवा आपल्या घरातल्या कोणालाही यापुढे जाब विचारला जाणार नाही. किल्ल्या असतील त्या उलटटपाली पाठवाव्यात. शेजारच्या हिस्सेदारांना जाहीर सूचनेनं कळवलं आहे.

हाब्बो उफेन, बांधप्रमुख

ता. क. वरचं सगळं प्रमुखांनी सांगितलं तसं टाइप केलंय, एक अक्षर इकडचं तिकडं नाही. हे पुढचं माझं. मी टोमके आयल्ट्स, इथली कारकून. मी आंधळी आहे. कॉम्प्युटरवरची अक्षरं माझ्या बोटांखाली ब्रेलच्या टिंबांत उठवणारी जी जुनी पट्टी असते ना, ती माझ्यापुढं आहे, आणि आमच्या मशिनांवरच्या नव्या प्रणालीत तिच्याशी बोलता येणारा जगात एकच प्रोग्राम आहे. तुमचा. तो बंद पडलाय. तुम्हाला ई-मेल केला तर परत आला, म्हणून पत्ता सोर्मीच्या पहिल्या पानावरून, परवान्याच्या खालून काढला. बघा बाई, काही करता आलं तर.

*

कुह्मो, २ एप्रिल

बांधमंडळास,

तुमचं पत्र नेमकं एक एप्रिलला पोचलं. शेजाऱ्यानं माझी फिरकी घेतली असं समजून मी ते सरपणाच्या पेटीवर फेकून दिलं. नंतर पाकिटावरचा शिक्का पाहिला, तर खरा निघाला.

कसलं फावडं? माझ्याकडे एकच फावडं आहे, बर्फ ओढायचं, आणि ते दाराशी उभं आहे. आत्ताच बघून आलो. जर्मनीत माझा हिस्सा नाही, बांध नाही, नातलग नाही. समुद्र मी आयुष्यात फार तर चारदा पाहिला असेल. आणि “घरातल्या कोणालाही जाब विचारला जाणार नाही” म्हणजे काय? इतके दिवस विचारणार होतात की काय?

सोर्मी हा प्रोग्राम आहे, शेत नव्हे. तुमच्याकडे प्रोग्राम लिहिणारं कोणी आहे का? नसेल, आणि नसावंच असा माझा अंदाज आहे, तर तुम्ही काय उपटून बसला आहात याची तुम्हाला कल्पना नाही. त्यात मी ठिगळावर ठिगळं लावलेली आहेत. मलाच आता त्यातलं निम्मं कळणार नाही. किल्ली म्हणजे पासवर्ड असावा. सोबतच्या कागदावर लिहिलाय. लखलाभ.

का सोडलं, तर वापरणारं कोणी नव्हतं. इतक्या वर्षांत हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी पत्रं आली, तीही तक्रारीची. मी ते माझ्या बहिणीसाठी लिहिलं होतं, आयलासाठी. तिला आता त्याची गरज नाही.

टोमकेबाईंना म्हणावं, वाईट वाटलं. पण माझ्याकडून काही व्हायचं नाही.

राउनो हाआपासालो

*

हायकेन्सील, १४ एप्रिल

राउनोसाहेब,

तुमचं पत्र आमच्या हिशेबनीस गेर्डाबाईंनी मोठ्यांदा वाचलं. “माझ्याकडे एकच फावडं आहे” पाशी त्यांना इतकं हसू आलं की चहा सांडला. प्रमुख मात्र हसले नाहीत. ते म्हणाले, “माणूस सरळ दिसतो. किल्ली पाठवली.”

आता तुम्हाला नीट सांगते, नाहीतर तुम्ही आम्हाला वेड्यांच्या गावचे समजाल. आमच्याकडे पूर्वी समुद्रालगतच्या प्रत्येक शेतकऱ्याच्या वाट्याला बांधाचा एकेक तुकडा असायचा. आपला तुकडा आपण राखायचा. एकाचा फुटला की पाणी सगळ्यांच्या घरात. ज्याला जमेनासं झालं तो आपल्या तुकड्यात फावडं रोवायचा, बायकामुलं घेऊन चालता व्हायचा. जो ते फावडं उपटेल त्याची जमीन आणि त्याचाच तो तुकडा. हा कायदा जाऊन जमाना झाला. पण आमचे प्रमुख हाब्बो उफेन सत्तरीचे आहेत, त्यांच्या घराण्यात बांधाशिवाय दुसरं काही बोललं गेलेलं नाही. इम्केनं तुमची सूचना वाचून दाखवली, तेव्हा ते ताठ बसले आणि म्हणाले, “म्हणजे फावडं रोवलंय. कोणी उपटलं का?” इम्के म्हणाली, “अजून तरी नाही, पण प्रमुख, ते तसं नसतं...” तिचं पुढचं कोणी ऐकलंच नाही. हात वर झाले, ठराव झाला, आणि त्यांनी तिथल्या तिथं तिला तुमच्या पानावर सूचना लावायला सांगितली: आजपासून हायकेन्सील बांधमंडळ राखणार.

इम्के म्हणजे आमची मशिनं ओपन सोर्सवर नेणारी मुलगी, शेजारच्या गावची. जुनी प्रणाली ३१ ऑक्टोबरला बंद होणार. आमची मशिनं ठणठणीत आहेत, पण दूर कुठंतरी कोणीतरी ठरवलं की ती म्हातारी झाली. प्रमुखांना ओपन सोर्स आवडलं, कारण इम्के म्हणाली की याच्या आत काय आहे ते कोणीही उघडून पाहू शकतं. ते म्हणाले, “मग बांधासारखंच की. आत माती आहे का भुसा, ते बघता आलं पाहिजे.” गेर्डाबाईंची बटणं इकडची तिकडं गेली म्हणून त्या आठवडाभर फुरंगटून बसल्या, आता त्याच सगळ्यांना शिकवतायत. सगळं सुरळीत पार पडलं. एका माझ्याखेरीज.

माझं काम असं. वादळी भरती आली की बांधावरून फोन येतात. कोणाला कुठं पाठवायचं, कोणाकडे ट्रॅक्टर, कोणाकडे वाळूच्या गोण्या, हे मी सांगते. कानाला फोन, बोटाखाली नावं. बोलणारं मशिन मला उपयोगाचं नाही. फोनवरचा माणूस ओरडत असताना दुसऱ्या कानात मशिन नावं वाचत बसलं तर मला दोन्ही ऐकू येत नाहीत. नवी पट्टी मागितली तर सरकारी उत्तर आलं: जुनी चालू आहे, सबब नवी नाही. खरंच आहे हो, पट्टी चालूच आहे, तिच्याशी बोलायलाच कोणी नाही! ऑक्टोबरपर्यंत सोर्मी जागा झाला नाही तर मी घरी. लवकर पेन्शन घेण्याचा अर्ज भरून तयार आहे, प्रमुखांच्या टेबलावर पडलाय. मी सेहेचाळीस वर्षांची आहे, साहेब. घरी बसून मी भिंतींना फोन करू का?

आणि आता खरी गंमत. तुम्ही म्हणता वापरणारं कोणी नव्हतं. इम्केनं सूचना लावली त्याच आठवड्यापासून आमच्या मंडळाच्या पेटीत पत्रांचा पाऊस पडतोय! ब्र्नोच्या यार्मिलाबाई, निवृत्त शिक्षिका. पोर्तुगालमधला तेल्मो, वकिली शिकतोय, हौसेनं प्रोग्रामही लिहितो. आयर्लंडातला एक पियानो लावणारा. तुर्कस्तानातले दोघे भाऊ. सगळ्यांचं एकच: “आम्हाला वाटलं तो गेला. तुम्ही राखणार म्हणून कळलं, देव तुमचं भलं करो.” ही सगळी माणसं सोर्मी चालेल अशाच जुन्या मशिनांना चिकटून बसलीयेत, ती मोडू नयेत म्हणून जपतायत. ती पत्रं ऐकताना माझ्या अंगावर काटा आला. माझ्यासारखी बोटं एवढ्या ठिकाणी एकाच माणसाच्या लिहिण्यावर चालत होती, आणि त्या माणसालाच पत्ता नाही!

आयलाबाईंना नवी पट्टी मिळालेली दिसते. छान झालं. पण आपल्या बहिणीचं भागलं म्हणून बाकीच्यांना वाऱ्यावर सोडायचं, हे काही बरं नव्हे, एवढं बोलल्याशिवाय राहवत नाही.

तुमची,
टोमके आयल्ट्स

*

कुह्मो, ३० एप्रिल

टोमकेबाई,

आयला दोन वर्षांपूर्वी वारली. तिची पट्टी माझ्या कपाटात आहे.

तुम्ही लिहिलंत त्याचा राग नाही. मीच असं लिहिलं होतं की कोणीही तसंच समजलं असतं. लोकांना सांगताना मला “गेली” म्हणवत नाही, म्हणून मी असंच काहीतरी बोलून सुटका करून घेतो.

आम्ही दोघं एकाच घरात राहायचो, ती माजघरात आणि मी मागच्या खोलीत. ती वाचायला लागली की त्या टिंबांचा बारीक कटकट आवाज यायचा, आणि मला कळायचं की ती जागी आहे, बरी आहे. ती गेल्यावर एकदा सोर्मी तपासायला म्हणून मी पट्टी जोडली. तो आवाज आला आणि मी तार उपसून काढली. मग ती सूचना लावली.

तुम्ही पाठवलेली नावं मी किती वेळा वाचली ते विचारू नका. तुर्कस्तानातले भाऊ! मला वाटायचं, मी माझ्या घरात एका माणसासाठी एक खुर्ची केलीय. तुम्ही सांगताय की तिच्यावर गावंच्या गावं बसलीयेत. मला अजून खरं वाटत नाही. यार्मिलाबाई काय शिकवायच्या? ती पत्रं मला पाठवाल का, सगळी?

पण प्रोग्राम उघडणं माझ्याकडून होणार नाही. खरंच होणार नाही.

राउनो

*

हायकेन्सील, ९ मे

हाआपासालो,

हे मी स्वतःच्या हातानं लिहितोय, टोमकेला माहीत नाही.

माझ्या आजोबांनी आमचा तुकडा उंच केला तो माझ्या आजीसाठी, ती पाण्याला भ्यायची म्हणून. मागच्या गावात कोण कोण झोपतं हे त्यांना ठाऊकही नव्हतं. बांध असाच होतो. बहिणीच्या जाण्याचं कळलं. तुम्ही आमच्यापैकीच आहात.

तुम्ही काही करायचं नाही. ते आता आमच्याकडे आहे. पत्रं सोबत.

हाब्बो उफेन

*

हायकेन्सील, २७ मे

राउनोदादा,

साहेब म्हणवत नाही आता, चालवून घ्या. मी जे बोलले ते गेर्डाबाईंनी तुमचं पत्र वाचेपर्यंत मला फार हुशारीचं वाटत होतं. माफ करा.

पण आज लिहितेय ते वेगळ्याच कारणानं. असं काही झालंय की सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

इम्केनं मध्यंतरी प्रमुखांपुढं हात टेकले होते. ती म्हणाली, “मी मशिनं बसवते हो, असलं लिहिणं मला येत नाही. सूचना मागे घ्या, लोक आस लावून बसलेत.” प्रमुख म्हणाले, “उपटलेलं परत रोवत नाहीत.” इम्के रडकुंडीला आली. मग त्यांनी विचारलं, “हा प्रोग्राम केवढा लांब आहे?” ती म्हणाली, “काही हजार ओळी.” ते म्हणाले, “मग बांधफेरी काढू.”

बांधफेरी म्हणजे दर मे महिन्यात आमचं सगळं मंडळ बांधावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जातं. उंदरांची बिळं, भेगा, खचलेली गवताची चादर, जो जे पाहील ते ओरडून सांगतो, प्रमुख खूण करतात. यंदा खरी फेरी झाली, आणि दुसऱ्या दिवशी सोर्मीची. प्रमुखांनी त्या सगळ्या पत्र लिहिणाऱ्यांना रीतसर नोटिसा धाडल्या: सकाळी नऊ वाजता हजर राहावे, पायांत मजबूत बूट असावेत. बुटांचं मी गाळायला हवं होतं, पण छापील नोटीस होती.

आणि दादा, माणसं आली! फोनवर, सगळी एकाच वेळी. इम्केनं जोडणी करून दिली होती. कोणी बोटांनी, कोणी कानांनी, ओळीमागून ओळ वाचत निघाले. “इथं भेग आहे.” “इथं जुन्या ठिगळावर नवं बसलंय, पाणी शिरतंय.” हो, असंच बोलत होते, तासाभरात सगळ्यांनी आमची भाषा उचलली! तुर्कस्तानातले भाऊ आपसात भांडत होते. पियानोवाल्यानं एक चूक सापडल्यावर गाणंच म्हटलं. आमच्या खोलीत मंडळाचे शेतकरी भिंतीला टेकून बसले होते. एक अक्षर कळत नव्हतं, पण कोणी उठलं नाही. आमच्याकडे कपात खडीसाखर ठेवून वर गरम चहा ओततात, त्याचा तडतड आवाज आणि ते दूरदूरचे आवाज, एवढंच. मध्येच हार्म बोलला, आमचा पाणदरवाजाचा रखवालदार, जन्मात कधी कशाचं कौतुक न करणारा माणूस. म्हणाला, “हे सगळे एकमेकांना ओळखत नाहीत?” मी म्हटलं, “नाही.” तो म्हणाला, “आणि पगार?” मी म्हटलं, “नाही रे बाबा.” त्यानं टोपी काढली आणि फेरी संपेपर्यंत हातातच धरून बसला.

मी इतकी वर्षं बांधाखाली राहिले. बांध म्हणजे काय हे मला त्या दिवशी कळलं असं वाटलं. अजून आठवलं की छाती भरून येते.

शेवटी प्रत्येकानं आपापला तुकडा मागून घेतला. भेगा बुजवायला सुरुवातही झाली. पण मुख्य बिघाड राहिलाच आहे, आणि तो सापडूनही सुटत नाहीये. तेल्मो म्हणतो, अक्षरं पट्टीवर पाठवताना तुमचा प्रोग्राम मध्येच थांबतो. प्रत्येक टिंबाच्या आधी, बारीकसा. काही कारण लिहिलेलं नाही. जुनी प्रणाली गुपचूप वाट पाहायची. नव्या प्रणालीला तेवढा धीर नाही; तिला वाटतं पट्टी मेली, आणि ती दार लावून घेते. थांबणं काढून टाकावं तर भीती वाटते, न जाणो त्याच्यावरच बाकीचं उभं असलं तर. तेल्मोनं विचारायला सांगितलंय, एवढंच: तो थांबा का आहे?

टोमके

*

कुह्मो, ८ जून

टोमकेबाई,

थांबा आयलासाठी आहे.

शेवटच्या वर्षांत मधुमेहानं तिच्या बोटांची जाण कमी झाली होती. सगळी टिंबं एकदम उठली की तिला नुसता खरखरीत पत्रा लागायचा. एकेक करून उठली, डावीकडून उजवीकडे, तर ती ओळखायची. म्हणून मी थांबा घातला. वरचेवर वाढवत नेला. ती म्हणायची, “राउनो, आज मशिन जरा सावकाश आहे, नाही?” मी म्हणायचो, “जुनं झालंय.” बोटांचं तिच्याजवळ मी कधी काढलं नाही. तिनंही काढलं नाही. तिला माहीत असणार.

त्याच्यावर काहीही उभं नाही. काढून टाका. तेल्मोला सांगा, ती एकच ओळ आहे, वरखाली काही लागत नाही. तुमचं काम ऑक्टोबरच्या आत होईल.

तुमच्या फेरीचं पत्र मी बाहेर पायरीवर बसून वाचलं. हार्मच्या टोपीपाशी मला पुढचं दिसेना.

काढा ती ओळ. मला कळवू नका.

राउनो

*

हायकेन्सील, २५ जून

राउनोदादा,

कळवू नका म्हणालात तरी कळवते. ओळ काढली नाही.

काढणार होतो. तेल्मोचा हात तिथंच होता. तुमचं पत्र मी गेर्डाबाईंना सगळ्यांसमोर वाचायला लावलं. तुम्हाला विचारायला हवं होतं, विचारलं नाही, रागवा हवं तर. वाचून झालं. मग यार्मिलाबाईंचा आवाज आला. त्या चौऱ्याऐंशीच्या आहेत, भूगोल शिकवायच्या (तुम्ही विचारलं होतं). त्या म्हणाल्या, “मुलांनो, जरा थांबा. मलाही मधुमेह आहे. आणखी दोन पट्ट्या माझ्याकडे नव्याकोऱ्या पडल्यात, त्यांच्यावर मला एक शब्द लागत नाही. फक्त सोर्मीवर लागतो. का, ते मला कधी कळलं नव्हतं. मला वाटायचं या प्रोग्रामला माझी दया येते.”

मग एकेक जण बोलायला लागला. पियानोवाल्याची आई. तुर्की भावांपैकी थोरला, त्याचा हात भाजलेला आहे. आणखी दोघी. म्हणजे तुमच्या आयलाबाईंसाठी तुम्ही जे गुपचूप केलंत ते इतक्या जणांच्या बोटांना माहीत होतं, फक्त त्यांना कारण माहीत नव्हतं आणि तुम्हाला ती माणसं! मोठ्या देवळात शिरल्यावर माणूस उगाच आवाज खाली आणतो ना, तसे सगळे हळू आवाजात बोलत होते.

ठराव असा झालाय: थांबा ठेवायचा, पण ज्याला हवा त्याच्यासाठी, बाकीच्यांना नेहमीचा वेग. आणि सावकाश चालतानासुद्धा नव्या प्रणालीला कळलं पाहिजे की पट्टी जिवंत आहे. हे तेल्मोनं दोनदा करून पाहिलं, दोन्ही वेळा माझी टिंबं अर्धवट वर अडकून बसली. त्या जुन्या पट्टीची नस फक्त तुम्हाला ठाऊक आहे, असं तो म्हणतो. पट्टी जवळ असलेला आणि आतलं जाणणारा माणूस एकच आहे.

माझ्यासाठी म्हणाल तर ती ओळ काढली तरी माझी नोकरी वाचते. हे तुम्हालाही माहीत आहे आणि बैठकीतल्या सगळ्यांनाही. यार्मिलाबाई स्वतः म्हणाल्या, “टोमके, तुझं काम अडत असेल तर काढ बाई, मी काय, वाचून झालंय माझं.” मी म्हटलं, नाही. म्हणजे मोठेपणा म्हणून नव्हे हो. तोंडातून निघून गेलं आणि नंतर पाचावर धारण बसली. पण आता निघून गेलंय.

ऑक्टोबर लांब आहे. मी तुम्हाला काही सांगत नाही.

टोमके

*

कुह्मो, ३ सप्टेंबर

टोमकेबाई,

उन्हाळाभर लिहिलं नाही. कपाटापाशी जायचो आणि लाकडं फोडायला परत यायचो. यंदा माझ्याकडे तीन हिवाळे पुरतील एवढं सरपण झालंय.

मागल्या आठवड्यात पट्टी काढली. जोडली. आवाज आला. या वेळी तार उपसली नाही, मागच्या खोलीत जाऊन बसलो आणि तो आवाज तिथून ऐकला, पूर्वी ऐकायचो तसा. बराच वेळ. मग जाऊन काम सुरू केलं.

दोन्ही वेग झालेत. प्रणालीला मधूनमधून हलकी थाप मिळते, जिवंत आहे म्हणून, ती दार लावत नाही. काल तेल्मोकडे पाठवलंय. तो पोरगा बरा आहे, फार प्रश्न विचारतो. यार्मिलाबाईंना आधी तपासू द्या. चुकलं असेल तर स्पष्ट सांगा, मला गोड बोललेलं आवडत नाही.

राउनो

*

हायकेन्सील, १२ नोव्हेंबर

राउनोदादा,

यार्मिलाबाईंनी तुम्हाला कळवलंच आहे. त्यांचं पत्र चार पानी होतं असं ऐकते. तेव्हा मी माझंच सांगते.

ऑक्टोबरच्या शेवटी जुनी प्रणाली बंद झाली. इम्केनं चारही मशिनांवर हात फिरवला, केक खाल्ला आणि घरी गेली. गेर्डाबाई म्हणाल्या, “एवढ्यासाठी आपण रडत होतो होय?” ‘आपण’ म्हणे!

आणि परवा सकाळी वादळ आलं. वारा वायव्येचा, भरती चढत चाललेली, पाणी नेहमीच्या खुणेच्या बरंच वर. पहिला फोन हार्मचा. तो काय ओरडत होता ते वाऱ्यात अर्धंच ऐकू येत होतं: पाणदरवाजाच्या पूर्वेला गवत सुटतंय, माती दिसतेय. फोन खांद्यात धरला, डावा हात पट्टीवर. आणि दादा, नावं आली! सरसर, बोटाखाली, न अडखळता. कोण जवळ, कोणाकडे ट्रॅक्टर, कोणाचा मुलगा घरी आहे. हार्मचं ओरडणं संपायच्या आत मी पहिल्या माणसाला निरोप दिला होता. मग दुसरा फोन, तिसरा, मग मोजलेच नाहीत. मशिन तेच असलं तरी प्रणाली नवी आहे, हे दुपारी ओहोटी लागल्यावर माझ्या लक्षात आलं. बांध टिकला. पूर्वेला मोठा घास गेलाय, पण टिकला.

प्रमुख चिखलात माखून आले. बूट काढले, आत बोळे कोंबायला कागद शोधायला लागले, आणि समोर होता तोच घेतला. गेर्डाबाई किंचाळल्या, “अहो, तो टोमकेचा पेन्शनचा अर्ज!” ते म्हणाले, “चांगला जाड आहे,” आणि दुसऱ्या बुटात उरलेलं पान कोंबलं. मला म्हणाले, “उद्या आठला ये. तक्रारी येतील.” त्यांच्या तोंडून एवढं म्हणजे भाषणच.

सगळे घरी गेल्यावर मी एक केलं, ते तुम्हाला सांगायचंय. मी सोर्मीत जाऊन सावकाश वेग लावला. मला गरज नाही, माझी बोटं तेज आहेत. पण लावला, आणि दिवसभरातलीच एक साधी ओळ घेतली, पूर्वेकडे सहा जण पोचल्याची. टिंब एकदम आलं नाही. एक उठलं, मग थांबलं, मग शेजारचं. इतकं हळू की मधल्या जागेत मला माझाच श्वास ऐकू येत होता. कोणीतरी माझं बोट धरून, न बोलता, मला पुढं नेत होतं. तुमच्या बहिणीला मी कधी भेटले नाही, दादा. पण कोणी इतक्या सावकाश, इतकी वर्षं तिची वाट पाहिली, आणि तिला कळू न देता पाहिली, हे माझ्या हाताला समजलं. मला रडू आलं. तरी ओळ संपेपर्यंत मी बोट उचललं नाही.

टोमके